राखणीच्या कुत्र्याची रक्तपरीक्षा : आधी की मागाहून?

मळ्यातील विहिरीवरचा पंप, गोठ्यातील जनावरे, खळ्यावरचे धान्य आणि फळांनी लगडलेली बाग यांची रात्रीची राखण ज्याच्या भरवशावर चालते, त्या कुत्र्याच्या प्रकृतीची विचारपूस शेतकऱ्याच्या घरी क्वचितच होते. म्हैस दोन वेळा दूध कमी देऊ लागली तर घरधनी पशुवैद्यकाकडे धाव घेतो. कुत्र्याच्या नाकातून रक्त आले तर ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून त्याच्यापुढे ताकाचे भांडे ठेवले जाते. नाकातून येणारे रक्त हे उष्णतेचे लक्षण नसून ते रक्त गोठण्याच्या व्यवस्थेत कोठेतरी बिघाड झाल्याचे लक्षण असू शकते, ही गोष्ट बहुधा कोणाच्या ध्यानीही येत नाही. ती ध्यानी येते ती कुत्रे शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेल्यानंतर, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

गावोगाव कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची व पिसाळ रोगाची लस टोचण्याची शिबिरे भरतात. प्राणी जन्म नियंत्रणाचे २०२३ चे नियम या दोन्ही गोष्टी एकत्र करण्यास सांगतात आणि ते सर्वथा योग्य आहे. शस्त्रक्रिया झालेली बहुसंख्य कुत्री दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पूर्ववत् हिंडूफिरू लागतात. परंतु एखाद्या कुत्रीच्या टाक्यांतून रात्रभर रक्त पाझरत राहते, पोट फुगते आणि सकाळी ती गोठ्याच्या कोपऱ्यात मरून पडलेली आढळते. मग गावात एकच बोलणे सुरू होते, की डॉक्टरचा हात कच्चा होता. कधी आतील गाठ खरोखरच सैल सुटलेली असते, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि कधी गाठ पक्की असते आणि रक्तच गोठत नसते. या दोहोंतील भेद मागाहून कोणालाही पटवून देता येत नाही. पुढील शिबिराला त्या गावातून एकही कुत्रे येत नाही, लसीकरणही अडते आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचे भय मुलाबाळांच्या वाट्याला तसेच शिल्लक राहते. एका कुत्रीच्या मृत्यूची किंमत सगळे गाव मोजते, ती अशी.

म्हणून कुत्र्याच्या रक्ताची परीक्षा शस्त्राला हात घालण्यापूर्वी आणि नर-मादी एकत्र आणण्यापूर्वी झाली पाहिजे, आणि ती योग्य त्या कसोटीने व योग्य त्या दिवशी झाली पाहिजे. भलत्याच कसोटीचा ‘सर्व ठीक’ असा अहवाल हा अहवाल नसण्यापेक्षाही घातक होय, कारण तो सावधपणा घालवितो.

हे समजण्यास रक्त कसे गोठते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. पावसात बांध फुटला म्हणजे शेतकरी प्रथम हाताशी असतील ते दगडगोटे फटीत कोंबतो आणि मग त्यावर काटक्यांची जाळी व चिखलाचे लिंपण करून बांध पक्का करतो. रक्तवाहिनी कापली गेली असता शरीरही तेच करते. रक्तात फिरणाऱ्या रक्तपट्टिका, ज्यांना दवाखान्यात प्लेटलेट म्हणतात, त्या फटीत जाऊन बसतात. हे दगडगोटे झाले. त्यांना वाहिनीच्या कडेशी घट्ट धरून ठेवणारे एक प्रथिन रक्तात असते. त्याला फॉन विलेब्रांड घटक असे नाव आहे. त्यानंतर रक्तद्रवातील अनेक घटक एकामागून एक जागे होऊन फायब्रिन नावाच्या तंतूंची जाळी विणतात, आणि मग ती गुठळी टिकते. या घटकांपैकी बहुतेक यकृतात तयार होतात, आणि त्यांतील चार घटकांना तयार होताना के जीवनसत्त्व लागते. दगड कमी पडले, दगड धरणारा डिंक नसला, किंवा जाळी विणली गेली नाही, तर बांध फुटतो तो फुटतोच. परंतु या तीन उणिवा शोधण्याच्या तीन निरनिराळ्या परीक्षा आहेत आणि एका परीक्षेत दुसरी उणीव दिसत नाही.

या शास्त्राचा बराचसा पाया शेतकऱ्याच्या गोठ्यातच घातला गेला, हे सांगितल्यास अनेकांना नवल वाटेल. १९२० नंतरच्या काळात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत गुरे विनाकारण रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापलेल्या गाई आणि खच्ची केलेले गोऱ्हे यांच्या जखमा बंदच होत नसत. स्कोफील्ड या पशुवैद्यकाने दाखवून दिले, की स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याला बुरशी लागल्यावर तो खाणाऱ्या गुरांना हा रोग होतो. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातील एड कार्लसन हा शेतकरी मरून पडलेली एक कालवड, बुरसटलेल्या चाऱ्याचा भारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन, बर्फाच्या वादळातून सुमारे तीनशे किलोमीटर अंतर तोडून, मॅडिसन येथील कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आला. त्या शेतकऱ्याने रोगाचे वर्णन सांगत न बसता रक्तच समोर ठेवले, हे त्याचे मोठेपण. लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली त्या चाऱ्यातून दोषी द्रव्य वेगळे केले; तेच डायकुमेरॉल. ते के जीवनसत्त्वाचे काम अडविते आणि म्हणून जाळी विणली जात नाही. याच सुमारास, १९३५ साली, त्याच राज्यातील आर्मंड क्विक यांनी रक्तद्रव गोठण्यास किती सेकंद लागतात ते मोजण्याची एक साधी परीक्षा प्रसिद्ध केली. आज प्रोथ्रॉम्बिन टाईम किंवा नुसते ‘पीटी’ म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेत होणारी परीक्षा ती हीच.

पुढे त्याच कुळातील वॉरफेरिन हे द्रव्य १९४८ पासून उंदरांचे विष म्हणून वापरात आले, आणि त्याचीच अधिक जहाल भावंडे आज गावच्या कृषी सेवा केंद्रात मिळतात. ब्रोमॅडिओलोनच्या ०.००५ टक्के प्रमाणाच्या वड्या उसाच्या बांधावर, नारळाच्या बागेत आणि धान्याच्या कोठारात ठेवल्या जातात. उंदरांपासून पीक वाचविणे अगत्याचेच आहे आणि त्यासाठी हे औषध वापरू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु वडीला धान्याचा वास असतो आणि कुत्र्याला तो आवडतो. वडी खाल्ल्यावर त्या दिवशी कुत्र्याला काहीच होत नाही; दुसऱ्या दिवशीही ते नेहमीसारखे भुंकते. रक्तात आधी तयार असलेले घटक संपेपर्यंत काम चालते. त्यानंतर, साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ते सुस्त होते, धापा टाकते, लंगडते, त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडतात. पुष्कळदा बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही, कारण रक्त छातीत किंवा सांध्यात साचलेले असते.

येथे परीक्षेच्या दिवसाला महत्त्व येते. चार घटकांपैकी सातव्या क्रमांकाचा घटक सर्वांत आधी, काही तासांतच, कमी होऊ लागतो आणि पीटी ही परीक्षा नेमकी त्याच घटकावर अवलंबून असते. म्हणून कुत्रे आजारी दिसण्यापूर्वीच, वडी खाल्ल्यापासून दोन ते तीन दिवसांत, पीटीची सेकंदे वाढलेली सापडतात. परंतु वडी खाल्ल्याच्याच दिवशी रक्त तपासले तर ते हमखास निर्दोष येते, आणि मालक निश्चिंत होऊन घरी जातो. निर्दोष अहवाल हातात घेऊन घरी नेलेले कुत्रे पाचव्या दिवशी मरते ते याच कारणाने.

आणि शिबिराचे काय? ज्या कुत्रीने दोन दिवसांपूर्वी वडी खाल्ली आहे, ती शिबिराच्या सकाळी शेपूट हालवीत येते. तिच्याकडे पाहून कोणालाही शंका येत नाही. म्हणून गावातील सामुदायिक उंदीर निर्मूलनाची मोहीम आणि कुत्र्यांचे निर्बीजीकरण शिबिर ही एकाच महिन्यात ठेवू नयेत. दोन वेगवेगळ्या खात्यांची पत्रके दोन वेगवेगळ्या टेबलांवर येतात आणि तारखा कोणी जुळवून पाहत नाही. ते काम गावपातळीवरील कार्यकर्त्याचे आहे आणि त्याला एक पैसाही खर्च येत नाही. शिबिराच्या नोंदवहीत ‘गेल्या महिन्यात घरी किंवा शेजारी उंदरांचे औषध ठेवले होते काय?’ हा प्रश्न कुत्र्याच्या रंगाच्या रकान्याइतकाच ठळकपणे असावा.

औषधाचे वेष्टन जपून ठेवून ते पशुवैद्यकाला दाखविणेही तितकेच आवश्यक आहे. झिंक फॉस्फाईडची काळपट भुकटीही उंदरांसाठी वापरतात; तिचा परिणाम काही तासांतच दिसतो, तिचा रक्त गोठण्याशी संबंध नाही आणि के जीवनसत्त्व तिच्यावर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनवर मात्र के-१ हे जीवनसत्त्व हाच उतारा आहे. ‘के’चे इंजेक्शन म्हणून दुकानदार कधी के-३ देतो, ते या विषावर उपयोगी पडत नाही. के-१ चा उपचार तीन-चार आठवडे चालतो, कारण हे विष यकृतात दीर्घकाळ राहते. कुत्रे चौथ्या दिवशी उठून भाकरी खाऊ लागले म्हणून गोळ्या बंद करणाऱ्या मालकाला ते दुसऱ्यांदा गमवावे लागते. गोळ्या संपल्यानंतर ४८ तासांनी पुन्हा पीटी तपासावा आणि तो निर्दोष आला तरच उपचार थांबवावा.

विषाखालोखाल गावच्या कुत्र्याचा वैरी म्हणजे गोचीड. तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचे सूक्ष्म जंतू शरीरात शिरतात. ताप येतो व जातो, कुत्रे बरे झाल्यासारखे दिसते. परंतु रक्तपट्टिका महिनोन् महिने कमी राहू शकतात, आणि ज्या उरतात त्याही नीट काम करीत नाहीत. नाकातून रक्त येणे, पोटाच्या कातडीवर व हिरड्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उमटणे ही त्याची चिन्हे होत. ताकाने ती जात नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने साधारण चार आठवडे द्यावे लागते.

या रोगात पीटी तपासून उपयोग नाही. जाळी विणणारे घटक शाबूत असतात. येथे दगडच मोजले पाहिजेत, आणि ते मोजण्यास महागड्या यंत्राची गरज नाही. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढून तो रंगवावा व तेल-भिंगाखाली पाहावा. एका दृष्टिक्षेत्रात दिसणारी प्रत्येक रक्तपट्टिका ही दर मायक्रोलिटर रक्तातील सुमारे पंधरा हजार पट्टिकांची प्रतिनिधी समजतात. दहा क्षेत्रांची सरासरी काढली म्हणजे पुरेसा अंदाज येतो. निरोगी कुत्र्यात दोन ते पाच लाख पट्टिका असतात. सरासरी तीन-चारांच्या खाली आली तर शस्त्रक्रिया पुढे ढकलणेच शहाणपणाचे. मात्र आधी काचपट्टीची कड पाहावी. तेथे पट्टिकांचे पुंजके जमले असतील तर मधली मोजणी फसवी ठरते. ज्या दवाखान्यात जंतांची अंडी पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक आहे, तेथे ही परीक्षा होऊ शकते. ती होत नाही याचे कारण साधनांची वाण हे नसून, कुत्र्यासाठी एवढे कोण करतो, ही वृत्ती होय. कुत्रे पिसाळले म्हणजे त्याच कुत्र्यासाठी सारे गाव धावपळ करते, हा भाग वेगळा.

आता विकतच्या जातिवंत पिलांकडे वळावे लागेल. द्राक्षबागा, कुक्कुटपालनाच्या शेड आणि मळ्यातील घरे यांच्या राखणीसाठी शेतकरी शहरातून अल्सेशियन, म्हणजेच जर्मन शेफर्ड, किंवा डोबरमनची पिले मोठी किंमत देऊन आणतात. विष आणि गोचीड ही बाहेरून येणारी संकटे. परंतु या पिलांच्या बाबतीत संकट जन्माबरोबरच येऊ शकते.

अल्सेशियनमध्ये आढळणारा हिमोफिलिया हा रोग आठव्या क्रमांकाच्या घटकाच्या कमतरतेमुळे होतो. त्याचा दोष एक्स या लिंगसूत्रावर असतो. नराला एकच एक्स असल्याने दोष आला की रोग आलाच; मादीला दोन असल्याने एक सदोष असला तरी दुसरा काम भागवितो व ती निरोगी राहते, परंतु दोष पुढे नेते. अशा वाहक मादीच्या नर पिलांपैकी सरासरी निम्मी रोगी आणि मादी पिलांपैकी निम्मी वाहक निघतात. पिले विकणारा जेव्हा शपथेवर सांगतो, की ‘आई पाहा, बाप पाहा, दोन्ही ठणठणीत आहेत’, तेव्हा तो खोटे बोलत असतो असे नाही. त्याला स्वतःलाच ठाऊक नसते.

रोगी नर सौम्य प्रकारचा असेल तर तो वाढतो, प्रदर्शनात बक्षिसेही मिळवितो, आणि येथेच खरा घोटाळा होतो. त्याच्या मुलांपैकी एकही नर रोगी निघत नाही, कारण मुलाला बापाचा एक्स मिळतच नाही. पण त्याची प्रत्येक मुलगी वाहक होते. रोग पुन्हा दिसतो तो नातवांत. जर्मनीत १९६८ साली जन्मलेला कांटो फॉन डेर वीनराऊ हा नर त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तो जेमतेम चार वर्षांच्या आत मेला, परंतु त्याचे रूप व चाल उत्तम म्हणून त्याच्यापासून पुष्कळ पैदास करण्यात आली आणि या जातीच्या वंशावळीत त्याचे नाव सर्वत्र पसरले. त्याच्या मुलींमार्फत हिमोफिलियाही पसरला. वंशावळीचा कागद पाहून पिलू घेणाऱ्यांना हे कागदावर कोठेच दिसत नव्हते. रूप तपासले गेले, चाल तपासली गेली. रक्त तेवढे तपासायचे राहिले.

हिमोफिलियात पीटी निर्दोष असतो. तो पकडणारी परीक्षा निराळी आहे; तिला ‘एपीटीटी’ म्हणतात, आणि तिचे मूळ रूप लँगडेल, वॅगनर व ब्रिंकहाऊस यांनी १९५३ साली अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात सिद्ध केले. याच ब्रिंकहाऊस यांनी १९५० मध्ये, रोगी नर व वाहक मादी यांच्या संकरातून जन्मलेल्या मादी कुत्र्यांतही हिमोफिलिया होतो हे दाखविले होते. मनुष्याच्या हिमोफिलियाविषयी आज जे ज्ञान आहे त्यातील मोठा वाटा या मुक्या जनावरांचा आहे. मात्र वाहक मादीत एपीटीटीदेखील बहुधा निर्दोष येतो. तिच्यासाठी आठव्या घटकाचे प्रत्यक्ष प्रमाण मोजावे लागते किंवा, त्या वंशातील दोष ठाऊक असेल तर, जनुकीय परीक्षा करावी लागते.

डोबरमनची गोष्ट आणखी फसवी आहे. त्या जातीत फॉन विलेब्रांड घटकाची कमतरता आढळते. हा दोष लिंगावर अवलंबून नसतो. तो नरात व मादीत सारखाच येतो. या कुत्र्याचा पीटी निर्दोष, एपीटीटी बहुधा निर्दोष आणि रक्तपट्टिकांची संख्याही भरपूर असते. तीन कागद, तिन्ही स्वच्छ. आणि तरीही शेपूट कापताना किंवा दुधाचे दात पडताना रक्त थांबत नाही. (शेपूट व कान कापण्याची हौस मुळातच निरर्थक आहे, राखणीला त्याचा काडीइतका उपयोग नाही.) हा दोष पकडण्यास त्या घटकाचे प्रमाण मोजावे लागते: निरोगी कुत्र्यांच्या एकत्रित रक्तद्रवाला शंभर धरून सत्तर टक्क्यांच्या वर निर्धोक, पन्नासांच्या खाली संशयित आणि मधले काठावरचे. मादी माजावर, गाभण अथवा अंगावर पाजणारी असेल तर हे प्रमाण तात्पुरते वाढू शकते; म्हणून त्या काळात परीक्षा करू नये. डोबरमनमधील दोषासाठी जनुकीय परीक्षाही उपलब्ध आहे आणि ती आयुष्यात एकदाच करावी लागते.

जेथे हे काहीच नाही, तेथे पशुवैद्यकाला ओठाची परीक्षा करता येते. वरचा ओठ उलटा करून आतील बाजूस बारीक चीर द्यावी, वाहणारे रक्त जखमेला न लावता टिपकागदाने टिपावे आणि घड्याळ पाहावे. निरोगी कुत्र्याचे रक्त सुमारे चार मिनिटांच्या आत थांबते. मात्र आधी रक्तपट्टिका मोजून घ्याव्यात, नाहीतर उशीर डिंकामुळे की दगडांमुळे ते कळणार नाही. नख मुळाशी कापून रक्त पाहण्याची जुनी रीत सोडून द्यावी. ती वेदना देते आणि तिचे उत्तरही भरवशाचे नसते.

घोणस किंवा फुरसे चावलेल्या कुत्र्यासाठी काचनळीची वीस मिनिटांची परीक्षा पुष्कळांनी ऐकलेली असेल. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटे न हालविता ठेवावे व मग नळी कलती करून पाहावी. रक्त पाण्यासारखे वाहिले तर ते गोठत नाही असे समजावे. साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची नळी चालत नाही. ही परीक्षा संकटसमयी फार मोलाची आहे. परंतु काही ठिकाणी तीच शस्त्रक्रियेपूर्वीची परीक्षा म्हणून वापरण्याची सूचना होते, ती मान्य करता येत नाही. घटक अगदी तळाला गेल्यावरच ती बोलते, आणि रक्तपट्टिकांविषयी किंवा फॉन विलेब्रांड घटकाविषयी ती काहीच सांगत नाही.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की गावच्या प्रत्येक कुत्र्याच्या एवढ्या परीक्षा करावयाच्या तर शिबिरे बंदच पडतील. आक्षेप खरा आहे, आणि तसे कोणी सुचवीतही नाही. गावच्या देशी कुत्र्याला प्रश्न विचारून, म्हणजे त्याच्या मालकाला विचारून, हिरड्या व पोटाची कातडी पाहून आणि गोचिडी पाहून वेगळे काढता येते. पूर्वी जखम झाली तेव्हा रक्त लवकर थांबले होते काय? लस टोचलेल्या जागी मोठी गाठ आली होती काय? कारणावाचून लंगडते काय? नाकातून कधी रक्त आले काय? हे प्रश्न पशुसखी किंवा पशुधन पर्यवेक्षक आदल्या दिवशी घरोघर जाऊन विचारू शकतात. उत्तर संशयाचे आले तर तेवढ्याच कुत्र्याची काचपट्टी व पीटी करावा, आणि अहवाल येईपर्यंत त्याला स्नायूत सुई टोचू नये. लस द्यावयाचीच तर बारीक सुईने कातडीखाली द्यावी आणि जागा काही मिनिटे दाबून धरावी. विकत आणलेल्या जातिवंत कुत्र्याच्या बाबतीत मात्र सूट देण्याचे कारण नाही. ज्याने पिलासाठी हजारो रुपये मोजले त्याला परीक्षेचा खर्च जड आहे, हे म्हणणे पटण्याजोगे नाही.

परीक्षेचा नमुना बिघडविण्याचे काम बहुधा प्रयोगशाळेपूर्वीच होते. पीटी, एपीटीटी व घटकांसाठी निळ्या टोपणाची, सायट्रेट असलेली नळी लागते. तीत नऊ भाग रक्त व एक भाग सायट्रेट हे प्रमाण असते आणि म्हणून नळी खुणेपर्यंतच, कमी नाही व जास्त नाही, भरली पाहिजे. शीर एकाच टोचणीत सापडावी. चार ठिकाणी टोचून काढलेले रक्त सुईतच गोठू लागते. नळी हलक्या हाताने पाच-सहा वेळा उलटसुलट करावी, घुसळू नये. आत बारीक गुठळी दिसली तर तो नमुना टाकून द्यावा. रक्तद्रव वेगळा करून चार तासांत तपासला जावा, अन्यथा तो गोठवून बर्फातून पाठवावा. रक्तपट्टिकांसाठी जांभळ्या टोपणाची नळी निराळी घ्यावी.

तालुक्याच्या गावी बहुधा मनुष्यांच्या रक्ताची प्रयोगशाळाच जवळ असते, आणि तेथे काम होऊ शकते; पण कुत्र्याचे रक्तद्रव मनुष्याच्या मानाने लवकर गोठते, त्यामुळे कागदावर छापलेली मनुष्याची मर्यादा कुत्र्याला लावता येत नाही. मनुष्याच्या मानाने निर्दोष ठरलेला अहवाल कुत्र्याच्या मानाने सदोष असू शकतो. म्हणून संशयित कुत्र्याबरोबर त्याच दिवशी, त्याच पद्धतीने, एका निरोगी कुत्र्याचाही नमुना न्यावा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. ही साधी दक्षता न घेतल्याने कितीतरी अहवाल वाया जातात. घटकांच्या आणि जनुकीय परीक्षांसाठी परळ, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी जे जवळ असेल तेथे आधी विचारून मगच नमुना पाठवावा.

पिलू घेताना शेतकऱ्याने लसीच्या कागदाबरोबर आईच्या रक्ताचा अहवाल मागावा. अल्सेशियन असेल तर आठव्या घटकाचा, डोबरमन असेल तर फॉन विलेब्रांड घटकाचा. पहिल्या वर्षी विकणारे हसतील, परंतु दहा गिऱ्हाइकांनी तोच कागद मागितला तर अकराव्यासाठी तो तयार असेल. वाहक निघालेल्या प्रत्येक जनावराला टाकून द्यावे असा याचा अर्थ नव्हे. डोबरमनमध्ये वाहक इतके असतात, की सर्वांना वगळले तर चांगले रक्तही त्यांच्याबरोबर जाईल. तेथे वाहकाची जोडी निर्दोष जनावराशीच जमवून पुढच्या पिढीतील निर्दोष पिले पैदाशीसाठी निवडावीत. हिमोफिलियाची वाहक असलेल्या अल्सेशियन मादीला मात्र पिले होऊ देऊ नयेत. ती राखणीला इतर कोणत्याही मादीइतकीच चांगली असते आणि निर्बीजीकरणातही तिला सहसा अडचण येत नाही. फक्त तिचा अहवाल शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पशुवैद्यकाच्या हाती पडला पाहिजे.